प्रवाह स्थिर, तरी पाण्याला त्वरण कसं?

एसई_सिव्हिल_नाशिक:
फ्लुइड मेकॅनिक्सच्या कायनेमॅटिक्समध्ये अडकलोय. स्टेडी फ्लो म्हणजे वेळेनुसार वेग बदलत नाही. मग त्वरण शून्यच यायला हवं ना? पण गणित असं आहे: ३० सेंमी लांबीचं सरळ निमुळतं नोझल, आत शिरताना व्यास ६० मिमी, बाहेर पडताना ३० मिमी, शिरतानाचा वेग २ मी/से, विसर्ग कायम. टोकाशी त्वरण किती? बाहेरचा वेग ८ मी/से आला. ८ वजा २ केले, पण भागायचं कशाने? वेळ दिलेलीच नाही. ऑयलर आणि लॅग्रांज या दोन्ही पद्धतींच्या व्याख्या पाठ आहेत, इथे कुठली लावायची ते कळत नाही.

गोदाकाठ:
पूर आला की सगळं नाशिक एकच विचारतं, पाणी गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर आलं? कमरेला की छातीला? मारुती जागचा हलत नाही, त्याच्यासमोरून पाणी बदलत जातं. ही ऑयलरची नजर. आता रामकुंडावर द्रोणात दिवा सोडा आणि त्याच्याबरोबर काठाने चालत जा, ही लॅग्रांजची.

'स्टेडी' हा शब्द मारुतीचा आहे: एका ठिकाणी उभं राहून पाहिलं तर वेग तोच. त्वरण मात्र दिव्याचं असतं. दिवा रुंद पात्रातून अरुंद पात्रात गेला की त्याचा वेग वाढतो, मग काठावरच्या प्रत्येक ठिकाणचा वेग दिवसभर तसाच का राहीना. म्हणून सूत्रात दोन पदं येतात:

त्वरण = डेल यू बाय डेल टी + यू × डेल यू बाय डेल एक्स (यू म्हणजे वेग, टी वेळ, एक्स प्रवाहाच्या दिशेचं अंतर; 'डेल बाय डेल' म्हणजे बदलाचा दर)

पहिलं स्थानिक, म्हणजे लोकल. दुसरं जागा बदलल्यामुळे येणारं, कन्व्हेक्टिव्ह. स्टेडीमध्ये फक्त पहिलं शून्य होतं. तुमच्या नोझलमध्ये ०.३ मीटरमध्ये वेग ६ ने वाढला, म्हणजे ग्रेडियंट (दर मीटरला वेगातली वाढ) २० प्रति सेकंद. टोकाशी त्वरण ८ × २० = १६० मी/से². वेळ लागतच नाही.

पाटकरी:
विवेचन पटलं, १६० नाही पटलं. वेग लांबीनुसार सरळ रेषेत वाढतो हे धरून चाललात, पण इथे व्यास सरळ रेषेत कमी होतोय. वेग व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, त्यामुळे टोकाजवळ तो झपाट्याने चढतो.

व्यास दर मीटरला १०० मिमी घटतो. व्यासाच्या भाषेत मांडलं तर ग्रेडियंट = यू × २ × १०० ÷ व्यास (व्यास मिमीमध्ये). शिरताना २ × २०० ÷ ६० = ६.६७, म्हणून त्वरण १३.३. टोकाशी ८ × २०० ÷ ३० = ५३.३, म्हणून त्वरण ८ × ५३.३ = ४२७ मी/से². कुठे १६० आणि कुठे ४२७! पेपरात 'वेग एकरेषीय बदलतो' असं स्पष्ट लिहिलं असेल तरच १६० लिहा. 'व्यास एकरेषीय' असेल तर ४२७.

वेळेने भागायचा हट्टच असेल तर: नोझलमधलं आकारमान ०.४९५ लिटर, विसर्ग ५.६५ लिटर प्रति सेकंद, म्हणजे पाणी आत ०.०८७५ सेकंद असतं. ६ ÷ ०.०८७५ = ६९ मी/से². ही सरासरी झाली, टोकाचं उत्तर नव्हे. बहुतेकांचे मार्क याच ठिकाणी जातात.

गोदाकाठ:
बरोबर, माझं गृहीतक चुकलं. ४२७च धरा.

वळणावरचं_पाणी:
दोन गोष्टी राहिल्या. एक, वेगाचा आकडा तोच असला तरी दिशा बदलली की त्वरण असतं, वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. नदीचं वळण १०० मीटर त्रिज्येचं, वेग २ मी/से, तर ०.०४ मी/से². क्षुल्लक वाटतं, पण पात्र ५० मीटर रुंद असेल तर बाहेरच्या काठाला पाणी आतल्यापेक्षा सुमारे २० सेंमी वर चढतं. पट्टी कुठल्या काठाला लावली यावर पातळीचा आकडा बदलतो तो असा.

दुसरं, द्विमितीय गणितात यू × डेल यू बाय डेल एक्स लिहून थांबू नका, पुढे व्ही × डेल यू बाय डेल वाय हेही पद येतं (यू एक्स दिशेचा वेग, व्ही वाय दिशेचा). यू = एक्स² − वाय², व्ही = −२ एक्स वाय, बिंदू (२, १) घ्या. यू = ३, व्ही = −४. एक्स दिशेचं त्वरण ३ × ४ + (−४) × (−२) = २०. दुसरं पद विसरलात तर १२. वाय दिशेचं तसंच, व्हीचे दर घेऊन, ३ × (−२) + (−४) × (−४) = १०. एकूण, म्हणजे दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, २२.४. आधी सातत्य समीकरण (आत येईल तेवढंच पाणी बाहेर जातं; डेल यू बाय डेल एक्स + डेल व्ही बाय डेल वाय = ०) तपासा: २ एक्स − २ एक्स = ०, जमलं. ते जमत नसेल तर वेगक्षेत्रच चुकीचं उतरवलंय.

एसई_सिव्हिल_नाशिक:
सर, मग लोकल पद मोठं कधी असतं? पुरात?

गोदाकाठ:
पुरात उलट फारच लहान. समजा एका ठिकाणी वेग ६ तासांत १ वरून ३ मी/से झाला, तर २ ÷ २१६०० म्हणजे ०.००००९ मी/से². त्याच पाण्याचा वेग पुलाच्या दोन खांबांमधून जाताना ५ मीटरमध्ये २ वरून ३ झाला तर २.५ × ०.२ = ०.५. पाच हजारपटीहून जास्त.

पाटकरी:
लोकल पाहायचं तर व्हॉल्व्ह उघडताना पाहा. तुमच्याच नोझलला ४ सेकंदांत एकसारखा वेग दिला, शिरताना ० ते २, तर टोकाशी ० ते ८, म्हणून लोकल २ मी/से². अगदी सुरुवातीला पाणी उभंच आहे, कन्व्हेक्टिव्ह शून्य, सगळं काम लोकलचं. पण कन्व्हेक्टिव्ह वेगाच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे ०.२७ सेकंदातच ते लोकलला गाठतं आणि चौथ्या सेकंदाला ४२७ होतं.