चर्चा: 'ए'चा शिक्का आला आगीच्या भीतीने. मग आज दारावर अडवायचं कशासाठी?

कुडाळकर
चित्रपट कायद्याच्या २०२३च्या दुरुस्तीने 'यूए'चे (पालकांच्या देखरेखीत मुलांनाही, या प्रमाणपत्राचे) तीन भाग झाले: ७+, १३+, १६+. तिन्ही फक्त पालकांना सूचना, मुलाला दारात कोणी अडवत नाही. 'ए' मात्र होता तसाच, अठरा पूर्ण नसतील तर आत सोडायचंच नाही. माझं म्हणणं, 'ए'लाही सूचनेवर आणा.

मुळात हे शिक्के नीतिमत्तेच्या विचारातून आलेच नाहीत. इंग्लंडचा १९०९चा कायदा होता आगीसाठी. तेव्हाची नायट्रेटची फिल्म पेटली की जळताना स्वतःच प्राणवायू सोडते, त्यामुळे पाण्यातही विझत नाही. म्हणून प्रोजेक्टर प्रेक्षकांपासून वेगळा, न पेटणाऱ्या खोलीत ठेवायचा आणि हॉलला नगरपालिकेचा परवाना घ्यायचा. परवाना हातात आल्यावर नगरपालिकांनी त्यातच 'काय दाखवायचं' याच्या अटी घुसवल्या. गावोगाव वेगळी कटकट नको म्हणून चित्रपट धंदेवाल्यांनी १९१२मध्ये स्वतःचं सेन्सॉर मंडळ काढलं आणि १९१३पासून 'यू' (सर्वांसाठी) आणि 'ए' सुरू झाले. आपला १९१८चा कायदा त्याच साच्यातला: हॉलच्या सुरक्षेचा परवाना आणि फिल्मचं प्रमाणपत्र एकाच कायद्यात. नायट्रेट कधीच गेलं, दारावरचा पहारा राहिला.

दर्यावर्दी
कुडाळकर, परवान्याचा उगम बरोबर सांगितलात, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकला. आपला 'ए' १९१८चा नाहीच. १९२०मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास, रंगूनला सेन्सॉर मंडळं बसली तेव्हा उत्तरं तीनच होती: पास, कापून पास, नापास. वयाची पायरी नव्हती. 'ए' आला १९४९च्या दुरुस्तीने, १९५१मध्ये केंद्रीय मंडळ बसलं आणि १९५२च्या कायद्यात ते पक्कं झालं.

वयाची पायरी नसेल तर काय होतं? दहा वर्षांच्या मुलाला जे चालेल तेवढंच पन्नाशीच्या माणसाला. 'ए'मुळे प्रथमच मोठ्यांसाठी वेगळा दरवाजा उघडला. आणि इंग्लंडचा जुना 'ए' वेगळा, तिथे मोठ्या माणसाबरोबर मूल आत जायचं. आपल्या 'ए'चा खरा भाऊ म्हणजे त्यांचा १९५१चा 'एक्स', सोळाच्या आतल्याला प्रवेशच नाही.

दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास यांचा सर्वोच्च न्यायालयातला खटला आठवा. 'ए टेल ऑफ फोर सिटीज' या छोट्या माहितीपटाला मंडळाने 'ए' दिला. सरकार म्हणालं, मुंबईच्या वेश्यावस्तीची दृश्यं कापा, 'यू' देतो. खटला चालू असताना सरकारने न कापता 'यू' देऊ केला, तरी अब्बास मुद्द्यासाठी लढले आणि हरले. १९७०च्या त्या निकालात न्या. हिदायतुल्ला यांच्या पीठाने वयाप्रमाणे वर्गवारी वैध ठरवली. दार काढलंत तर हातात उरते फक्त कात्री. तुम्हाला ती हवीय का?

वेंगुर्ल्याचो झिल
दोघांचाय वाचलंय. पण दारार बघता कोण? तिकीट फाडणारो आणि बॅटरी दाखवणारो एकच. मिशी फुटली म्हणजे अठरा, ह्योच कायदो. कायदो आसा पण राखणदार नाय, मगे 'ए' काय नि 'यूए' काय!

रत्नांग्रीकर
अमेरिकेचं उदाहरण कोणी काढलं नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. १९६८मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयीनांसाठी अश्लीलतेचा वेगळा निकष मान्य केला. त्याच सुमारास अल्पवयीनांना काय दाखवू नये, याचा डॅलस शहराचा ढोबळ शब्दांतला नियम रद्द झाला, पण नेमक्या शब्दांत नियम केला तर टिकेल, हेही दिसलं. शहराशहरांत मंडळं उगवायच्या आत निर्मात्यांच्या संघटनेच्या जॅक व्हॅलेंटी यांनी १ नोव्हेंबर १९६८पासून चार अक्षरं लावली: जी, एम, आर, एक्स; 'जी' सर्वांसाठी, 'एक्स' म्हणजे मुलांना बंदी. बाकीची अक्षरं व्यापारचिन्ह म्हणून नोंदवली, 'एक्स' नाही. त्यामुळे चित्रपट न दाखवताच कोणीही स्वतःला 'एक्स' चिकटवू शकत होता.

'मिडनाइट काउबॉय'ला 'एक्स' होता आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. पण काही वर्षांत अश्लील फिल्मवाल्यांनी ते अक्षर पळवलं, एकाचे तीन केले. तीन एक्स कुठलंच मंडळ देत नाही, ती पोस्टर छापणाऱ्याची करामत. १९९०मध्ये 'एक्स'च्या जागी 'एनसी-१७' आणलं, या वेळी नोंदणी करून. तरी अनेक वृत्तपत्रांनी त्या चित्रपटांच्या जाहिराती नाकारल्याच.

कुडाळकर
रत्नांग्रीकर, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. बंदीचं अक्षर जाहिरात होतं. शिकागोत पोलिस मोठ्यांच्या चित्रपटांना गुलाबी परवाना द्यायचे, तर थिएटरवाले तोच मिरवायचे. १९५५मध्ये इंग्लंडच्या हॅमर कंपनीने 'क्वाटरमास एक्सपेरिमेंट'च्या नावातलं 'ई' उडवून 'एक्स' मोठं केलं. सूचना असती तर मिरवण्यासारखं काय राहिलं असतं?

दर्यावर्दी
मिरवलं तर मिरवू दे. पोरगं बाहेर राहिलं ना? अक्षर जाहिरातीत वापरलं जातं म्हणून नियम काढायचा, हे तर्कशास्त्र अजब आहे. तुमच्या सूचनेचा अर्थ एवढाच, की चार वर्षांच्या पोराला मांडीवर घेऊन आलेल्या बापाला मॅनेजर काहीच बोलू शकणार नाही.

मॅटिनी
वाद छान चाललाय, पण पडद्यामागचा हिशोब बघा. एक पडद्याच्या तालुक्याच्या थिएटरला 'ए' म्हणजे बाल्कनीतलं अख्खं कुटुंब गेलं. अल्पवयीनाला आत सोडलं तर चित्रपट कायद्याच्या कलम ७खाली कारवाई. जबाबदारी दाखवणाऱ्याची, पालकांची नाही. म्हणून वयाचा पुरावा दारावर मागू नका, तिकीट खिडकीवरच मागा, आणि खिडकीच्या काचेवर 'ए' ठळक लावा. ऑनलाइन तिकीट काढून मूल घेऊन आलेल्यांशी वाद दारावर सुरू झाला की मागची रांग तुंबते आणि मॅनेजर कंटाळून सोडून देतो. नियम नेमका तिथे मोडतो.

निर्माते 'ए' टाळतात त्याचं मोठं कारण टीव्ही. मुंबई उच्च न्यायालयातल्या याचिकेनंतर 'ए' चित्रपट टीव्हीवरून हटले. मग कापून 'यूए' घ्यायचं, तेव्हाच हक्क विकले जातात. २०२३नंतर टीव्हीसाठी वेगळं प्रमाणपत्र मिळतं, तेही कापूनच. म्हणजे दर्यावर्दी, 'ए' असूनही कात्री थांबलेली नाही. ती आता निर्मात्याच्याच हातात आहे.

दर्यावर्दी
हे मान्य. पण तो टीव्हीच्या नियमाचा दोष, थिएटरच्या दाराचा नाही.

वेंगुर्ल्याचो झिल
गणपतीत मंडळा पडदो लावतत, तेचा काय? तिकीट नाय, दार नाय.

मॅटिनी
तिकीट नसलं तरी ते सार्वजनिक प्रदर्शनच. उघड्या मैदानात वय तपासता येत नाही, म्हणून तिथे 'ए' लावूच नका. सुरुवातीला पडद्यावर येणारं प्रमाणपत्र आधी वाचा. डाव्या कोपऱ्यात खाली त्रिकोण असेल तर सेन्सॉर मंडळाने काही भाग कापायला लावलेला आहे. मग पेनड्राइव्हवर कोणी 'पूर्ण' आवृत्ती आणून दिली, तर तिला ते प्रमाणपत्र लागूच होत नाही आणि पोलिसांना उत्तर गणपती मंडळाच्या अध्यक्षाला द्यावं लागतं.