उपकारस्तुती शिकवताना मुले तीच ती वाक्ये म्हणतात, काय करावे?

प्रश्न
संडे स्कूलचा वर्ग आहे, ९ ते १२ वयाची १५ मुले, वेळ ४० मिनिटे. देवाचे उपकार मानण्याचा विषय काढला की प्रार्थनेत सगळी ‘जेवण दिलेस, कपडे दिलेस, आईबाबा दिलेस’ एवढेच घोकतात. हे मनातून कसे यावे? आणि ज्याच्या घरी आजारपण किंवा भांडणे आहेत, त्या मुलाला ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ हे वचन कोणत्या तोंडाने सांगायचे?

उत्तर १
प्रार्थना अगदी शेवटी ठेवा, आधी बघायला शिकवा. बायबलमधले लूक १७:११-१९ घ्या. दहा कुष्ठरोगी येशूच्या सांगण्यावरून याजकाकडे निघाले आणि वाटेतच शुद्ध झाले. १५ व्या वचनावर थांबा. त्यांतल्या एकाने आपण बरे झालो हे पाहिले, मग तो माघारी फिरला. ‘पाहिले’ हा शब्द फळ्यावर मोठा लिहा.

उरलेल्या नऊ जणांना वाईट ठरवून मोकळे होऊ नका. लेवीय १४ मधल्या नियमाप्रमाणे बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्याला याजकाने तपासून शुद्ध ठरवावे लागे, आणि ते सांगितलेलेच करत होते. आज्ञा पाळणे वेगळे, देणाऱ्याकडे परत येणे वेगळे, हा फरक या वयाच्या मुलांना नीट कळतो. परत आलेला शोमरोनी, म्हणजे यहूदी ज्यांना परके मानत त्यांच्यातला होता, हे मात्र त्यांना सांगावे लागते, नाहीतर गोष्टीतला अर्धा जोर जातो.

यात २० मिनिटे जातील. मग प्रत्येकाला कागद द्या. कालपासून आजपर्यंत घडलेली एकच गोष्ट लिहायची. ‘मित्र’ चालणार नाही. ‘परीक्षेत पेन्सिल तुटली, शेजारच्याने त्याची दिली’ चालेल. खाली दुसरी ओळ: यात देव मला कुठे दिसतो? ही ओळ गाळली तर धडा नुसत्या शिष्टाचाराचा होतो. अडलेल्यांना याकोब १:१७ वाचून दाखवा. प्रार्थना त्याच कागदावरून, एकेक वाक्याची.

उत्तर २
यापुढच्या रविवारी स्तोत्र १३६ घ्या. २६ वचने आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी ‘त्याची दया सनातन आहे’ येते. अर्धे वचन एकाने म्हणायचे, उरलेले सगळ्यांनी. सगळी २६ एका दमात घेतली तर मुले मध्येच कंटाळतात, ४ ते ९ आणि २३ ते २६ पुरे.

मग मुलांकडून तशीच सहा अर्धवाक्ये लिहून घ्या. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ‘तू महान आहेस, तू प्रेमळ आहेस’ अशी विशेषणे येतात. स्तोत्रात क्रियापदे आहेत: केले, बाहेर आणले, दुभागले, आठवण केली. प्रत्येक ओळीत ‘देवाने काय केले?’ एवढेच विचारत राहा.

उत्तर ३
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. १ थेस्सलनीकाकरांस ५:१८ मध्ये ‘स्थितीत’ आहे, ‘स्थितीबद्दल’ नाही. आजाराबद्दल आभार मान, असे मुलाला कधीही सांगू नका. त्याला देव दुष्ट वाटू लागतो आणि तो ते बोलूनही दाखवत नाही.

अशा वर्गात स्तोत्र १३ वाचा. सहाच वचने आहेत. पहिल्या दोनांत ‘कोठवर’ हा सवाल चार वेळा, मग मागणे, आणि भरवसा व गाणे शेवटच्या दोनांत. शिक्षक घाईने शेवटावर उडी मारतात आणि तिथेच मूल दुरावते. ‘कोठवर’ने सुरू होणारे एक वाक्य लिहू द्या, कागद घडी घालून त्याच्याचजवळ राहू द्या. मोठ्याने वाचायची सक्ती नको, गप्प बसायची मुभा असावी.

‘ज्यांना काहीच नाही त्यांच्याकडे बघा’ हे वाक्यही टाळा. लूक १८:११ मधला परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहूदी, तोही आभारच मानत होता, आपण इतरांसारखे नाही म्हणून.

प्रश्नकर्ता
घरी रोज लिहायला वही दिली तर?

उत्तर १
द्या, पण रोज एकच ओळ, आणि चार आठवडेच. वही तपासू नका, गुण किंवा बक्षीस तर नकोच, कारण मग मुले शिक्षकाला आवडेल तेच लिहितात. रविवारी इतकेच विचारा: या आठवड्यात तुमच्या लक्षात न येता राहून गेले असते, असे काय लिहिलेत?