मदत हवी आहे: रॉकेटच्या ड्रोगबरोबर (छोटं पॅराशूट) नोज कोनही (टोक) सुटतो, शिअर पिना (ठरावीक जोराला तुटणाऱ्या) किती लावाव्यात?

नमस्कार मंडळी,

मी टेक्ससमध्ये असते. हौशी रॉकेट उडवणाऱ्यांच्या लेव्हल 2 सर्टिफिकेशनची (जास्त ताकदीच्या मोटर वापरण्याची परवानगी) तयारी चालू आहे. रॉकेट 4 इंची, फायबरग्लासचं. सगळ्यात उंच गेल्यावर मधला सांधा सुटून ड्रोग बाहेर येतं आणि 700 फुटांवर नोज कोन सुटून मोठं पॅराशूट उघडतं, अशी रचना आहे.

आय मोटरवर (लेव्हल 2 पेक्षा कमी ताकदीची) उडवलं तेव्हा दोन्ही पॅराशूट वरच उघडली आणि वाऱ्याने रॉकेट पार कुंपणापलीकडे नेलं. ऑल्टिमीटरच्या (उंची मोजणारं यंत्र) नोंदीत मोठ्या पॅराशूटचा चार्ज (भाग सुटा करणारी दारू) 700 फुटांवरच पेटलेला दिसतो, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स ठीक आहे. नोज कोनच्या दोन्ही नायलॉन पिना मात्र त्याआधीच तुटल्या होत्या. छिद्रांत अडकलेले तुकडे सुरीने कापल्यासारखे सपाट आहेत.

माझा अंदाज असा: ड्रोगचा चार्ज उडाला, दोन्ही भाग वेगाने लांब गेले, त्यांना जोडणारी शॉक कॉर्ड (दोरी) ताणली गेली आणि त्या हिसक्याने वजनदार कोन पुढे निसटला. कॉर्ड 15 फुटांची आहे.

तिसरी पिन लावावी का? 2-56 मापाची एक पिन साधारण 30-35 पाउंडांना तुटते, म्हणजे तिन्ही मिळून शंभरेक. नळीचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस इंच, चार्जचा दाब 15 पीएसआय (चौरस इंचाला पाउंड) धरला तर 180 पाउंडांच्या वर जोर मिळतो. हिशेब बसतो, पण कोन अडकून राहिला तर मोठं पॅराशूट आतच राहील, याची धास्ती वाटते.

दुसरं, मधला सांधा सध्या फक्त मास्किंग टेपच्या घट्टपणावर आहे. मोटर विझल्यावर फिनचा (शेपटीकडच्या पंखांचा) हलका भाग हवेमुळे लवकर मंदावतो, जड पुढचा भाग पुढे धावतो. तिथे सांधा उघडला तर? एव्ही-बेची (इलेक्ट्रॉनिक्सचा कप्पा) वरची बाजू प्लास्टिक रिव्हेटने पक्की आहे, तिची काळजी नाही.

प्रतिसाद:

ताई, तिसरी पिन लावाच, पण आधी कॉर्ड बदला. 15 फूट फारच कमी आहे, 25-30 फूट घ्या. तिच्या घड्या घालून थोड्या थोड्या अंतरावर मास्किंग टेप गुंडाळा. एकेक टेप फाटत जाते आणि हिसका आधीच जिरतो. मधल्या सांध्याला दोन पिना द्या. दोन्ही पॅराशूटच्या कप्प्यांना बारीक छिद्र आहे ना? नसेल तर उंचीवर आत कोंडलेली हवाच सांधा ढकलते.

आणि जमिनीवर चाचणी केल्याशिवाय उडवू नका. पॅराशूट, कॉर्ड, पिना, सगळं उड्डाणाला असतं तसंच भरून, लांब उभं राहून चार्ज पेटवा. कोन सुटून पॅराशूट पूर्ण बाहेर आलं पाहिजे. नुसता सांधा उघडला तर चार्ज थोडा वाढवून पुन्हा चाचणी घ्या. पिना कमी करू नका.

धागाकर्ती:

मनापासून आभार. ड्रोगच्या कप्प्याला छिद्र आहे, वरच्याला नाही! आज पाडते. फायबरग्लासला पिनांच्या छिद्रांपाशी पितळी पट्टी लावावी लागते का?

प्रतिसाद:

नाही. ती कागदी नळ्यांना, छिद्र फाटू नये म्हणून. फायबरग्लासची कडाच पिन कापते.