रोटरी ड्रममधील शीट फिल्म: आधी पाण्यात भिजवणे खरोखर गरजेचे आहे का?

काळी पिशवी (धागाकर्ता)

मेणवलीच्या घाटावर काढलेल्या सहा 4×5 इंची शीट फिल्मच्या (सुट्या पानांच्या फिल्मच्या) निगेटिव्ह परवा लाइट-बॉक्सवर ठेवल्या. पायऱ्या, देऊळ, नदीचे पाणी सगळे हवे तसे उतरले होते. मात्र निरभ्र आकाशात, शीटच्या एका आखूड कडेला लागून, बोटभर रुंदीचा पट्टा बाकीच्या आकाशापेक्षा स्पष्टपणे पातळ (कमी काळा) होता आणि प्रिंटमध्ये तोच काळपट उमटत होता. फिल्म इल्फर्डची एचपी5 प्लस, डेव्हलपर (चित्र उमटवणारे रसायन) कोडॅकचा एचसी-110, 1:31 प्रमाणात (एक भाग मूळ द्रावण, 31 भाग पाणी) 300 मिली, तापमान 24 अंश, वेळ जेमतेम साडेतीन मिनिटे, आणि ड्रम जोबो कंपनीचा सहा शीटचा एक्सपर्ट, म्हणजे यंत्रावर आडवा फिरणारा प्रकाशबंद डबा. जोबोच्या शिफारशीप्रमाणे डेव्हलपरपूर्वी पाच मिनिटे पाण्यात भिजवण्याचा नियमही मी पाळला होता.

त्यानंतरच्या खेपेस मी भिजवणे बंद केले, डेव्हलपर 1:63 करून 600 मिली घेतला, तापमान 20 अंशांवर आणले आणि वेळ साडेआठ मिनिटे ठेवली. पट्टा नाहीसा झाला. त्यामुळे माझे मत असे झाले आहे की एकसारखे डेव्हलपमेंट डेव्हलपरच्या प्रमाणावर आणि वेळेवर अवलंबून असते, आणि भिजवण्याला आपण उगाचच एवढे महत्त्व देतो. पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ ठेवल्यास एकसारखेपणा बिघडू शकतो, हे कोडॅकने पूर्वीपासून सांगितले आहे, आणि इल्फर्ड तर भिजवण्याचीच शिफारस करत नाही. त्याने प्रक्रिया असमान होऊ शकते, असे ते म्हणतात.

आठबायदहा

आपले निरीक्षण प्रामाणिक आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही, कारण आपण एकाच खेपेस डेव्हलपरचे प्रमाण, त्याचे आकारमान, तापमान, वेळ आणि भिजवणे अशा पाच गोष्टी बदलल्यात आणि यशाचे श्रेय त्यांपैकी दोघींनाच दिलेत.

डेव्हलपर ड्रममध्ये तोंडाकडून ओतला जातो आणि तो सर्व शीटच्या सर्व भागांवर पोहोचेपर्यंत काही सेकंद जातात. फिल्म कोरडी असेल, तर ज्या भागावर तो आधी पोहोचतो तिथले जिलेटिन (फिल्मवरचा प्रकाशसंवेदी थर) तो ताबडतोब शोषून घेते आणि तिथे काम आधी सुरू होते. एकूण वेळ चार मिनिटांचा असताना पंधरा सेकंदांची ही तफावत मोठी ठरते. जिलेटिन आधीच पाण्याने फुगलेले असेल, तर डेव्हलपर आत मुरायला वेळ लागतो आणि सुरुवातीची ही घाई मंदावते. मी 8×10 च्या पाच शीट एका वेळी करतो आणि न भिजवता केलेल्या दोन खेपांत मला ओघळ मिळाले आहेत, म्हणून हा नियम मी सोडणार नाही.

ट्रेवाली

मला दोघांच्याही वादाचे मूळ यंत्रात दिसते. अंधारात सहा शीट ट्रेमध्ये घेऊन, तळातली उचलून वर ठेवत गेले की प्रत्येक शीटला ताजा डेव्हलपर मिळतो. ओरखड्यांची भीती खरी आहे, पण ती सरावाने जाते.

काळी पिशवी

आठबायदहा, पाच गोष्टींबद्दलचा आपला आक्षेप पूर्णपणे रास्त आहे, म्हणून मी या रविवारी नव्याने चाचणी केली.

राखाडी कार्ड चौकट भरून, फोकस बाहेर ठेवून, सहा शीटवर सारखेच टिपले. आता दोष लेन्सचा की ड्रमचा, हे ओळखायचे कसे? अंधारात शीटची बाजू ओळखता यावी म्हणून तिच्या आखूड कडेवर असलेली खाच इथे उपयोगी पडली. तीन शीट खाच ड्रमच्या तोंडाकडे करून आणि तीन खाच तळाकडे करून भरल्या. दोष लेन्सचा किंवा प्रकाशाचा असता, तर सहाही शीटवर तो खाचेच्या हिशेबाने एकाच बाजूला आला असता. प्रत्यक्षात तो तीन शीटवर खाचेच्या बाजूला आणि तीनवर विरुद्ध बाजूला आला. म्हणजे सर्वांवर ड्रमच्या तोंडाकडे. मग गवंड्याकडची पाणसळ मागून आणून ड्रमवर ठेवली, तर बुडबुडा मधल्या खुणेवरून सरकलेला: तोंडाची बाजू वर, तळाची खाली. फिरताना 300 मिली डेव्हलपर तळाकडे साचत होता आणि तोंडाकडच्या कडेला त्याचा पातळ थरच पोहोचत होता.

यंत्राच्या एका पायाखाली दोन वॉशर सरकवून, बाकी सर्व जुन्या खेपेप्रमाणेच ठेवून, म्हणजे भिजवून, 300 मिलीत आणि साडेतीन मिनिटांतच, पुन्हा सहा शीट केल्या. पट्टा गेला. मात्र मध्यभागी हलके ढगाळ डाग राहिले, आणि ते साडेआठ मिनिटांच्या खेपेतच नाहीसे झाले. त्या लांब वेळेच्या दोन खेपा मी केल्या, एक भिजवून आणि एक न भिजवता. डेन्सिटोमीटरवर (निगेटिव्हचा काळेपणा मोजणाऱ्या यंत्रावर) पाच ठिकाणी मोजून मला दोन्हींत फरक सापडला नाही.

रसायनाचा हिशेबही सांगतो. दर 80 चौरस इंचांना 6 मिली मूळ द्रावण हवे, असा अनेकांचा पाळलेला ठोकताळा आहे. सहा शीट म्हणजे 120 चौरस इंच, म्हणून 9 मिली. 1:31 च्या 300 मिलीत 9 मिलीहून थोडे अधिकच होते. म्हणजे रसायन कमी नव्हते, ते सर्वत्र सारखे पोहोचत नव्हते. पहिल्या संदेशात मी प्रमाणावर ठेवलेला दोष म्हणूनच मागे घेतो.

आठबायदहा

खाचेची युक्ती फार चांगली आहे आणि पट्ट्याचे कारण मला पूर्ण पटले. परंतु भिजवण्याबाबतची चाचणी आपण साडेआठ मिनिटांवर केली आहे, जिथे सुरुवातीचे पंधरा सेकंद तसेही विरून जातात. उन्हाळ्यात नळाचे पाणीच 28 अंशांच्या पुढे असते आणि बर्फ घालूनही 20 अंश टिकवणे कठीण होते, तेव्हा अनेकांना लहान वेळेवरच काम करावे लागते. त्यांच्यासाठी साडेतीन मिनिटांवर, समतल ड्रममध्ये, न भिजवता केलेली खेप हवी. ती आपण केलेली नाही.

काळी पिशवी

ती खरोखरच राहिली आहे. खोक्यात आता आठच शीट उरल्या आहेत; त्यांतल्या सहा पुढच्या रविवारी याच कामी लावतो. पाणसळ अजून परत केलेली नाही.