तेरच्या वाड्याला कॉलम घ्यावेत का? खड्ड्यात जुन्या विटा लागल्यात

तेरकर
तेरला (जि. धाराशिव) आमचा दगडमातीचा वाडा आहे, वर माळवद (लाकडी तुळयांवरचं मातीचं सपाट छत). १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात तो उभा राहिला, पण मागच्या भिंतीला तेव्हापासून पोट सुटलंय. आई तिथंच राहते, त्यामुळे मजबुती आता टाळायची नाही. ठेकेदार भिंतीलगत खड्डे घेऊन आरसीसी कॉलम उभे करणार होता. पहिलाच खड्डा कमरेइतका गेला तर राखट पांढरी (जुन्या वस्तीची माती), खापरं, आणि तळाशी हातभर लांब जाड विटांची ओळ, थेट आमच्या भिंतीखाली शिरलेली. आमचं गाव म्हणजे जुनं तगर, सातवाहनकाळातली पेठ. काम थांबवलंय. वाडा टिकावा आणि खालचंही मोडू नये, असं काही करता येईल का?

सळई_सिमेंट
आधी तो खड्डा थराथराने ठोकून भरा. पायाशेजारची पांढरी मोकळी राहिली तर भिंत तिकडे खचते.

कॉलम नकोतच. किल्लारी भागात अशा भिंती फुटल्या त्या पायात नाही, पायाच्या वर. आतला नि बाहेरचा थर वेगळा, मध्ये गोटे-माती, दोन्ही बांधणारे आरपार दगड नाहीत. तुमचं पोट त्यातलंच. मीटर-मीटरवर दगड हलक्या हाताने काढून आरपार भोक करा, त्यात दोन्हीकडे आकडा असलेली सळई ठेवून काँक्रीट भरा. दारांच्या वर सगळ्या भिंतींना आतबाहेर जाळीचा पट्टा आणि सिमेंटचा गिलावा द्या, कोपऱ्यात जाळी तोडू नका. आयएस १३९३५ या भारतीय मानकात हे सगळं आहे. पोट फारच असेल तर तुळयांना टेकू देऊन तेवढी भिंत उतरवून पुन्हा रचा.

माळवद
वरची माती किती आहे? दर पावसाळ्याआधी भर घालून ती दोन-दोन फूट होते. ती उतरवून हलकं छत करा. खांब-तुळयांचे सांधे लोखंडी पट्ट्यांनी आवळा. ९३ ला कितीतरी घरांत भिंती पडल्या पण लाकडी खांबांवर माळवद तसंच राहिलं.

नेपाळ_वारी
खालचं जुनं म्हणजे कच्चं, असं धरू नका. काठमांडूचा काष्ठमंडप, म्हणजे तिथला जुना लाकडी मंडप, २०१५ च्या भूकंपात कोसळला. नंतरच्या उत्खननात पाया सातव्या शतकाच्या आसपासचा निघाला, तोही शाबूत. दोष वर होता: मधल्या चार खांबांपैकी एक आपल्या बैठकीच्या दगडावर टेकलेलाच नव्हता.

तेरकर
माती दीड फूट तरी आहे, ती आधी उतरवतो. विटांचे फोटो घेतलेत, गावातल्या लामतुरे संग्रहालयात दाखवतो. परवानगी लागेल का?

सळई_सिमेंट
केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत असाल तर दुरुस्तीलाही लागते. संग्रहालयातच विचारा. तोवर आईंना त्या भिंतीकडच्या खोलीत झोपू देऊ नका.