सायकस रेव्होल्युटा आणि तायतुंगेन्सिस: जाती दोन की एक?

प्रश्न: सायकस म्हणजे ताडासारखी दिसणारी बीजधारी झाडं. त्यातली तैवानची तायतुंगेन्सिस १९९४ मध्ये वेगळी जात ठरली. पण तिचे काही क्लोरोप्लास्ट (पेशीतले हरितकण) डीएनए प्रकार जपानच्या रेव्होल्युटातही सापडतात. मग?

उत्तर १: नुसत्या क्लोरोप्लास्टवर निकाल देऊ नका. तो आईकडून, बियांवाटे येतो. शिवाय झाडं दीर्घायुषी, पिढ्या संथ. पूर्वजांचे प्रकार दोन्हीकडे टिकून राहतात, त्यामुळे सामायिक प्रकार म्हणजे संकरच असं नाही. केंद्रकीय जनुकं (पेशीकेंद्रातली, आई-वडील दोघांकडून येणारी), तीही अनेक, तपासाच.

उत्तर २: पर्णिकेची (मोठ्या पानातल्या छोट्या पात्याची) कड बघा: रेव्होल्युटाची खाली वळलेली, तायतुंगेन्सिसची सपाट. बागेतली झाडं मात्र टाळा, तिथे संकर सहज होतात.

उत्तर ३: डीएनए तपासायला कोवळी पर्णिका घ्या, दहापट वजनाच्या सिलिका जेलमध्ये (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांत) लगेच वाळवा. जून पानातल्या चिकट शर्करांमुळे पीसीआर (डीएनएच्या प्रती काढण्याचं तंत्र) अडतं.