'लई' म्हटलं की गावठी, आणि 'भयंकर सुंदर' म्हटलं की सुशिक्षित?

वाळव्याचा गडी
काल एकानं लिहिलं, 'लई, लय, नादखुळा असं बोलणाऱ्याशी मी दोन मिनिटंसुद्धा बोलू शकत नाही, मराठीत खूप आणि अतिशय असताना हे कशाला?' वाचून डोकं फिरलं, म्हणून एवढं लिहितोय. खूप आला कुठनं? फारसीतल्या 'खूब'वरनं, आणि तिकडं त्याचा अर्थ चांगलं. जास्तसुद्धा त्याच वाटेनं आलं. म्हणजे पाहुणा सोफ्यावर आणि घरचा माणूस उंबऱ्याबाहेर. शब्दाला कोण हसत नाही ओ, बोलणाऱ्याला हसतात. तेच 'लई भारी' पुण्यात टीशर्टवर छापलं की कूल. माझी पुतणी कॉलेजात 'मॅडम, पेपर लई अवघड होता' म्हणाली तर मागच्या बाकावरनं लई लई करून चिडवलं, पोरीनं नंतर वर्गात तोंडच उघडलं नाही. अण्णाभाऊ साठे आमच्याच तालुक्यातले, वाटेगावचे. त्यांना पण बोलायला शिकवणार होता का?

राजवाडा चौक
मी साताऱ्याचा, घरी मी पण लईच म्हणतो. पण तुम्ही मुद्दा चुकवताय. मिसळ लय भारी, अजिंक्यताऱ्यावरनं दिसणारा पाऊस लय भारी, भाच्याचा निकाल पण लय भारी, मग सांगितलं काय? आमच्याकडं मुलाखतीला पोरं येतात, आधीच्या कामात काय शिकलास विचारलं की 'लय शिकलो सर'. पुढं काहीच नाही. शब्द झिजतो अशानं.

मिरज जंक्शन
झिजवला तो बातम्यावाल्यांनी. भुरभुर पावसाला 'प्रचंड', 'अक्षरशः थैमान'. मग 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी 57 फुटांवर गेलं, धोक्याची पातळी 45, तेव्हा ह्यांच्याकडं शब्दच उरला नाही. आमच्या गल्लीतल्या आजींनी रात्री कडी वाजवून एवढंच सांगितलं, 'पाणी लई आलंय, पोरं उचला.' उचलली आम्ही, गाद्या-भांडी तशीच टाकून निघालो. त्या बाईच्या तोंडी लई झिजलं नव्हतं.

हरिपूरकर
पुराचं निघालंच आहे तर खाली कृष्णेवरच्या अलमट्टी धरणावर बोला की. पाण्याची पातळी 519 मीटरवरनं 524 करायची म्हणतायत कर्नाटकवाले, आणि आपण इथं शब्दांवर भांडतोय.

राजवाडा चौक
2019 च्या पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीनं अलमट्टीला दोष दिला नव्हता. पाऊसच तसा होता, आणि पूररेषेच्या आत बांधकामं कुणी केली?

हरिपूरकर
साताऱ्यात बसून बोलायला काय जातंय! कोयनेचे दरवाजे वर उघडायचे आणि पाणी आमच्या घरात. 2005 ला आमच्या सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांत, पाणी शिरून हळद गेली, तिचा वास ज्यानं घेतलाय त्याला समित्या सांगू नका.

मिरज जंक्शन
धरण भरल्यावर पाणी सोडायचं नाही तर काय करायचं? आधीच थोडं थोडं का सोडलं नाही हे विचारा, तो प्रश्न बरोबर आहे.

हरिपूरकर
तेच तर म्हणतोय कवापासनं!

कर्वे रोड
ती पोस्ट माझी आहे. गावठी हा शब्द मी वापरलेला नाही, तो तुम्ही माझ्या तोंडी घातलात. खूप फारसीतून आला, बरं, मान्य. पण तो लिखाणात रुळलाय, लई नाही. घरी बोला, ऑफिसच्या मेलमध्ये नको, इतकंच.

वाळव्याचा गडी
मेलचा विषय कुणी काढला? 'बोलू शकत नाही' लिहिलंय तुम्ही, बोलू. आणि लिखाणात रुळणार कसा, शाळेत निबंधात लिहिला की मास्तर लाल गोल करणार, मग म्हणायचं रुळला नाही. तुमच्याकडं 'भयंकर सुंदर', 'भयंकर आवडलं' राजरोस चालतं. भयंकर म्हणजे भीती वाटावी असं, त्यावर कधी पोस्ट टाकलीत?

राजवाडा चौक
भयंकरचं पटलं. बाकी नाही. मुलाखतीत 'लय शिकलो' म्हणणाऱ्याला मी पुढचा प्रश्न विचारणारच.

वाळव्याचा गडी
विचारा की, जरूर विचारा. पण 'खूप शिकलो' म्हणणाऱ्याला पण तोच विचारा.

कर्वे रोड
'दोन मिनिटं' हे जरा जास्त झालं असेल. तेवढं काढतो. मत तेच आहे.

हरिपूरकर
अलमट्टीचं काय ते अजून कुणी बोललं नाही.